पैसे घेण्यापूर्वी सांगावे : गोल्फच्या मैदानावरून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

व्यापारात मालाचा भाव ठरविणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या मालाविषयी गिऱ्हाइकास काय सांगावे, किती सांगावे आणि केव्हा सांगावे हे ठरविणेही महत्त्वाचे असते. ह्या विषयावर उपदेशपर लेखन पुष्कळ झाले आहे व त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. प्रस्तुत लेखात आम्ही एकच लहानसे उदाहरण घेऊन त्याचा सर्व बाजूंनी अभ्यास करू इच्छितो. हे उदाहरण आपल्या पेढ्यांवरचे नाही. ब्रिटनमध्ये व अमेरिकेत पैसे भरून खेळावयास मिळणारी जी गोल्फची मैदाने आहेत, त्यांच्या व्यवहारातले ते आहे. इतके दूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम निवडले आहे. आपल्याच धंद्यातील दाखला घेतला की जो तो तो आपल्यावर आरोप समजून बचाव करू लागतो. परक्याच्या धंद्याकडे पाहताना मन मोकळे राहते आणि तत्त्व स्पष्ट दिसते.

प्रश्न थोडक्यात असा. मैदानाच्या चालकाने मैदानाची आवश्यक ती दुरुस्ती काढली आहे. तिच्यामुळे दोन-तीन आठवडे खेळ नेहमीसारखा होणार नाही, हे त्यास पक्के ठाऊक आहे. दूरगावाहून येणाऱ्या खेळाडूस मात्र त्याची वार्ता नाही. तर ह्या खेळाडूकडून खेळण्याचे शुल्क घेण्यापूर्वी ती गोष्ट त्यास सांगणे हे चालकाचे कर्तव्य आहे काय?

खेळ आणि त्याची भूमी

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी गोल्फ खेळला असेल. वास्तविक हा खेळ आपल्या देशात नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला व ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो. मुंबईत चेंबूरला व पुण्यातही ह्या खेळाची मैदाने आहेत. तरीही तो सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला नाही. म्हणून आवश्यक तेवढी माहिती प्रथम देतो.

गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस अगदी बारीक कापलेल्या गवताचा एक गालिचासारखा पट्टा असतो. त्यास ‘ग्रीन’ म्हणतात. ह्या ग्रीनमध्ये सव्वाचार इंच व्यासाचे एक भोक असते. लांबून टोलवत आणलेला चेंडू अखेर ग्रीनवरून हळुवार घरंगळत नेऊन त्या भोकात घालावयाचा, हे खेळाचे मर्म. चांगल्या खेळाडूने अठरा टप्पे साधारणतः बहात्तर फटक्यांत पुरे करावेत अशी गणना करतात आणि ती गणना प्रत्येक ग्रीनवर दोन, म्हणजे एकूण छत्तीस फटके धरूनच केलेली असते.

आता जागेचा हिशेब पाहा. पूर्ण मैदान सुमारे दीडशे एकरांचे असते. एकेक ग्रीन सुमारे सहा हजार चौरस फुटांचे धरले, तर अठरा ग्रीन मिळून अडीच एकरही भरत नाहीत. म्हणजे दीडशे एकरांपैकी शेकडा दोनहून कमी जागेवर निम्मा खेळ होतो. खेळाडू जे शुल्क भरतो त्याचा निम्मा मोबदला त्यास ह्या अडीच एकरांत मिळावयाचा असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून पुढील वादाचे महत्त्व कळणार नाही.

दुरुस्ती म्हणजे काय?

ग्रीनवरचे गवत सुमारे तीन मिलिमीटर उंचीवर, बहुधा रोज कापले जाते. त्यावरून दिवसभर शेकडो पावले जातात. पावलांच्या व यंत्रांच्या भाराने माती दबते. मातीच्या कणांमधील पोकळी नाहीशी होते. पाणी झिरपत नाही व मुळांना हवा मिळत नाही. शिवाय मेलेली मुळे व खोडे पुरती न कुजता गवताच्या बुडाशी साचतात व त्यांचा एक स्पंजासारखा थर तयार होतो. हा थर पाणी धरून ठेवतो व रोगास आश्रय देतो. वरून ग्रीन हिरवेगार दिसत असते, पण खाली मुळे उथळ होत जातात. आणि मग कडक उन्हाळ्याचे चार दिवस आले की सगळे गवत एकाएकी बसते.

ह्यावर जो उपाय करतात तो आपल्या शेतकऱ्यास सहज उमगेल. पिकात कोळपणी करून आपण जसा जमिनीस मोकळेपणा देतो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे उभे गवत न उखडता काम साधावयाचे असते. त्यासाठी पोकळ दात्यांचे यंत्र ग्रीनवरून चालवितात. प्रत्येक दाता जमिनीत दोन-चार इंच खोल जातो व मातीची एक गुटळी बाहेर काढतो. नंतर त्या गुटळ्या गोळा करून छिद्रांत वाळू भरतात आणि ती घासून आत उतरवितात. इंग्रजी बोलणारे खेळाडू ह्यास ‘एअरेशन’ म्हणतात. आपण त्यास ‘छिद्रण’ म्हणू.

अर्धा इंच व्यासाचे दाते दोन-दोन इंचांच्या अंतराने मारले, तर एका चौरस फुटात छत्तीस छिद्रे होतात. सहा हजार चौरस फुटांच्या एका ग्रीनवर ती दोन लाख सोळा हजार होतात आणि अठरा ग्रीनांवर एकोणचाळीस लाखांच्या आसपास जातात. पृष्ठभागाचा सुमारे विसावा हिस्सा अशा रीतीने उकरला जातो. गोल्फच्या चेंडूचा व्यास निदान १.६८ इंच असतो. तेव्हा तो अर्ध्या इंचाच्या छिद्रात पडत नाही हे खरे, पण छिद्रांच्या कडांवरून व मोकळ्या वाळूवरून जाताना तो डळमळतो, उडतो, वाट सोडतो. ज्या कौशल्याची परीक्षा ग्रीनवर व्हावयाची, ते कौशल्य काही दिवस निरुपयोगी होते. हवामान अनुकूल असेल तर दोन-तीन आठवड्यांत गवत छिद्रे भरून काढते. थंडी पडली तर अधिक दिवस लागतात.

ही दुरुस्ती केव्हा करावयाची हे गवताच्या जातीवर अवलंबून असते. थंड प्रदेशातील बेंट जातीच्या गवतावर वसंतात व उन्हाळा सरताना, म्हणजे गवत जोमाने वाढत असता, छिद्रण करतात. उष्ण प्रदेशात ज्यास बर्म्युडा गवत म्हणतात, ते म्हणजे आपली हरळी, गणपतीस वाहतो ती दूर्वा. ह्या गवताचा जोम भर उन्हाळ्यात असतो, म्हणून त्याचे छिद्रण उन्हाळ्यात करतात. वाचकांच्या लक्षात येईल की, गवत वाढण्यास जो काळ उत्तम तोच पुष्कळ ठिकाणी खेळण्यासही उत्तम असतो. चालकाची खरी अडचण येथे आहे. गवतास सोयीचा मुहूर्त धरावा तर गल्ल्यास झळ लागते. गल्ल्यास सोयीचा धरावा तर गवत भरून येत नाही.

छिद्रण हे एकच काम नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात हिवाळ्यात हरळी सुकून पिवळी पडते व नेमके त्याच वेळी थंड मुलखातून पाहुणे खेळावयास येतात. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरात हरळी खरडून तीवर राय गवताचे बी पेरतात. त्यासाठी तेथील अनेक मैदाने काही आठवडे बंद ठेवावी लागतात. उघडल्यावरही कोवळे गवत तुडवले जाऊ नये म्हणून गाड्या काही काळ केवळ पक्क्या वाटेवरूनच न्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात मुख्य ग्रीन वाचविण्यासाठी शेजारी तात्पुरते ग्रीन कापून त्यावर खेळवितात. हिम पडलेल्या सकाळी गवतावर पाऊल पडले तर पाती मोडून काळवंडतात, म्हणून हिम वितळेपर्यंत खेळ थांबवितात. ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट मैदानाच्या हिताची आहे. आणि प्रत्येकीमुळे खेळाडूस मिळणारी वस्तू बदलते.

दोष कोणता आणि दोष कोणता नव्हे

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुरुस्ती करणे हा दोष नव्हे. ज्या मैदानावर छिद्रण होत नाही ते मैदान प्रामाणिक नव्हे, तर निष्काळजी समजावे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२० सालीच गवत व जमीन ह्यांच्या अभ्यासासाठी ‘ग्रीन सेक्शन’ नावाचा स्वतंत्र विभाग काढला व १९६० साली ग्रीन कसे बांधावे ह्याविषयीची आपली पद्धती प्रसिद्ध केली. शास्त्रशुद्ध निगा हा ह्या धंद्याचा पाया आहे. तेव्हा ग्रीनवर छिद्रे दिसली म्हणून चालकावर रागावणारा खेळाडू अज्ञानी आहे.

पण तोच खेळाडू जर म्हणेल की, “छिद्रांविषयी माझी तक्रार नाही, ती आहेत हे तुम्हांस आठ दिवसांपूर्वीच ठाऊक होते, तरी पूर्ण शुल्क घेताना तुम्ही बोलला नाहीत, ही माझी तक्रार आहे,” तर त्यास अज्ञानी म्हणता येणार नाही. त्याने आपला सुट्टीचा एक दिवस, प्रवासाचा खर्च आणि खेळाचे शुल्क ह्या तिन्ही गोष्टी एका समजुतीवर घातल्या. ती समजूत खोटी आहे हे समोरच्या माणसास माहीत होते. पैसे कदाचित परत मिळतील. दिवस परत मिळत नाही.

ह्याउलट चित्र स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे दिसते. तेथील ‘ओल्ड कोर्स’ हे जगातील अत्यंत प्रसिद्ध मैदान. काही मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला, तर ते रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी त्यावरून फिरावयास जातात व जमिनीस विसावा मिळतो. एकोणिसाव्या शतकात टॉम मॉरिस ह्या नामांकित ग्रीनकीपरने ह्या मैदानाची दीर्घकाळ निगा राखली. ग्रीनवर वाळू पसरून गवत सुदृढ करण्याची रीत त्याच्या नावाशी जोडली जाते. रविवारी मैदान बंद असते म्हणून कोणी तक्रार करीत नाही. कारण ही गोष्ट घर सोडण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक असते. माणसे गैरसोय सहन करतात. आपल्यापासून ती लपविली गेली हे मात्र सहन करीत नाहीत.

जुना वाद

विकणाऱ्याने किती सांगावे हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमचा वक्ता व विचारवंत सिसेरो ह्याने इसवी सनापूर्वी ४४ ह्या वर्षी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याने दोन दाखले घेतले आहेत. पहिला धान्याच्या व्यापाऱ्याचा. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे; एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोहोचला; मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने पाहिले आहे. हे सांगावे की न सांगता चढ्या भावाने विकावे? दुसरा दाखला घर विकणाऱ्याचा. घर बाहेरून चांगले दिसते, पण त्याची लाकडे कुजली आहेत व खोल्यांत विषारी जीव निघतात, हे फक्त मालकास ठाऊक आहे.

ह्यावर डायोजिनीस व अँटिपेटर ह्या गुरुशिष्यांची मते सिसेरोने समोरासमोर मांडली आहेत. गुरूचे म्हणणे असे की, कायदा सांगावयास लावील तेवढे सांगावे. बाकी न बोलणे म्हणजे फसविणे नव्हे. घर घ्या म्हणून कोणी बळजबरी केलेली नाही, आणि आपल्याच घराचे दोष दवंडी पिटून कोण सांगतो? शिष्याचे म्हणणे असे की, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणे हे वाईट. मग जाणून-बुजून एखाद्यास चुकीच्या वाटेने जाऊ देणे हे त्याहून वाईट. सिसेरोने स्वतः निर्णय शिष्याच्या बाजूने दिला. प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे, असे त्याने मान्य केले. परंतु जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते आपल्या लाभासाठी त्यास कळू न देणे ही लपवणूकच होय, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्या देशातील कायद्यातही हा भेद दिसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटले आहे की, नुसते मौन हे कपट ठरत नाही. मात्र परिस्थितीवरून बोलणे कर्तव्य ठरत असेल, किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर ते कपट ठरते. त्या कलमाखालील दाखले अभ्यासण्यासारखे आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याने घोड्याची व्यंगे ठाऊक असूनही काही न सांगितले, तर ते कपट नव्हे. परंतु घेणाऱ्याने “आपण नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन” असे म्हटल्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. दोन व्यापाऱ्यांपैकी एकास भावातील फेराची खासगी खबर असली, तर ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाही.

ह्या दाखल्यांच्या रांगेत गोल्फचे मैदान कोठे बसते? भावातील फेराच्या खबरेशी त्याचे साम्य नाही. ती खबर बाजाराविषयी असते, ही खबर खुद्द विकल्या जाणाऱ्या वस्तूविषयी आहे. आणि ती चालकास योगायोगाने कळलेली नाही, दुरुस्तीचा हुकूम त्यानेच दिला आहे. घोड्याशीही त्याचे साम्य पुरते नाही. घोडा समोर उभा असतो. घेणारा त्याचे दात पाहू शकतो, त्यास चालवून पाहू शकतो. गोल्फचा खेळाडू दूरध्वनीवरून जागा राखून घेतो व पुष्कळदा पैसेही आधीच भरतो. ग्रीन पाहण्याची संधी त्यास पैसे गेल्यावरच मिळते. ज्या मालाची परीक्षा पैसे दिल्यावरच होऊ शकते, त्या मालाविषयी “पाहून घ्यावयाचे होते” हे उत्तर लागू पडत नाही.

अलीकडचा कायदा ह्या दिशेने आणखी पुढे गेला आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवा देणाऱ्याने संबंधित माहिती हेतुपुरस्सर ग्राहकापासून राखून ठेवली, तर ती सेवेतील त्रुटी समजावी असे म्हटले आहे. हा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. मात्र केवळ कायद्याच्या धाकाने सांगणारा मनुष्य जेवढे भाग पडेल तेवढेच सांगतो. व्यापाऱ्याचे हित त्याहून अधिक सांगण्यात आहे, हे आता दाखवू.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की, सांगितले तर गिऱ्हाईक येणार नाही. काही येणार नाहीत हे खरे आहे. पण जे येणार नाहीत, ते न सांगता आले असते तर समाधानाने परत गेले असते काय? एका दिवसाचे शुल्क मिळाले असते आणि पुढील दहा वर्षांचे गेले असते. शिवाय सर्वच जात नाहीत. उदाहरणादाखल, शंभर रुपयांचे शुल्क दुरुस्तीच्या पंधरवड्यात साठ रुपये केले, तर कमी खर्चात मोकळ्या हवेत खेळावे अशी इच्छा असणारा एक वर्ग आनंदाने येतो. नवशिक्यास ग्रीनच्या बारकाव्यांशी फारसे कर्तव्य नसते, तो येतो. तोच पंधरवडा न सांगता शंभर रुपयांस विकला तर तो अन्याय, आणि सांगून साठ रुपयांस विकला तर तो सौदा. छिद्रे दोन्ही वेळी तेवढीच असतात.

दुसरा आक्षेप असा की, गवत असले की त्याची निगा आलीच. खेळाडूने स्वतः विचारावे. नेहमी येणाऱ्या सभासदास हे शोभेल. परंतु बाहेरगावच्या पाहुण्यास अमुक मैदानाचे छिद्रण अमुक आठवड्यात होते हे कसे कळावे? ज्याला एका कागदाकडे पाहून उत्तर देता येते त्याने सांगणे सोपे, की ज्याला काही माहीत नाही त्याने नेमका तोच प्रश्न सुचून विचारणे सोपे? माहिती ज्याच्याजवळ फुकट आहे, सांगण्याचा भार त्याच्यावर असावा हा न्याय स्वाभाविक आहे.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. चालक म्हणतो, “आम्ही सांगतोच, पहिल्या टप्प्यापाशी फळा लावलेला असतो.” पण तेथे पोहोचेपर्यंत खेळाडूने प्रवास केलेला असतो, शुल्क भरलेले असते, सोबतीस तीन मित्र आणलेले असतात. त्या वेळी परत जाण्याचा मार्ग नावापुरताच उरतो. पैसे घेण्यापूर्वी सांगितले तर ती माहिती. नंतर सांगितले तर ती सबब. सांगण्याची खरी कसोटी ही की, ऐकणाऱ्यास “मग नको” असे म्हणता आले पाहिजे.

चौथी गोष्ट आक्षेप नसून वस्तुस्थिती आहे. पुष्कळ ठिकाणी लपविण्याचा हेतू कोणाचाच नसतो. ग्रीनकीपरने दिवस ठरविलेला असतो. तो व्यवस्थापकास कळविलेला असतो. पण दूरध्वनी घेणाऱ्या कारकुनापर्यंत तो पोहोचत नाही, आणि बाहेरून जागा विकणाऱ्या मध्यस्थास तर त्याचा पत्ताही नसतो. खेळाडूस मात्र ह्या अंतर्गत विसंवादाचे काय? त्याच्या दृष्टीने पेढी एक आहे. गोदामातील मुनिमास जे ठाऊक ते गादीवरील माणसास ठाऊक असलेच पाहिजे, असे तो धरून चालतो आणि तसे धरण्याचा त्यास अधिकार आहे. म्हणून सांगण्याचे कर्तव्य पार पाडण्यासाठी सद्‌भावना पुरत नाही; व्यवस्था लागते.

मौनाचे खरे मोल

आता ह्या सर्वांतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. न सांगण्याने खेळाडूचे नुकसान होते हे उघड आहे. परंतु त्याहून मोठे नुकसान खुद्द मैदानाचे होते व ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

न सांगता पैसे घेतले की खेळाडू चिडतो. तो आपला राग चालकावर काढत नाही, छिद्रांवर काढतो. तक्रारी वाढल्या की मालक ग्रीनकीपरला म्हणतो, “यंदा छिद्रण जरा कमी करा, बारीक दात्यांनी करा, पुढे ढकला.” ग्रीनकीपर नोकर माणूस, तो ऐकतो. एक वर्ष काही बिघडत नाही. मुळांखालचा थर वाढत जातो, पाणी वर साचू लागते, आणि पुढे एखाद्या उन्हाळ्यात ग्रीन बसते. मग जेथे दोन आठवड्यांची गैरसोय पुरली असती, तेथे ग्रीन उकरून नव्याने बसविण्याची वेळ येते. असे हे चक्र आहे. मौनामुळे राग, रागामुळे टाळाटाळ, टाळाटाळीमुळे नाश. उलट जेथे वर्षारंभीच तारखा छापल्या जातात, कारण समजावून सांगितले जाते व शुल्क कमी केले जाते, तेथे खेळाडूच दुरुस्तीचा कैवारी होतो. आज छिद्रे आहेत म्हणून पुढील महिन्यात ग्रीन उत्तम असणार, हे तो ओळखतो व त्या हिशेबाने येतो.

दुसरे नुकसान सगळ्या धंद्याचे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. ह्या विषयावरील कार्यासाठी त्यांस २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचा मुद्दा असा : माल चांगला की वाईट हे विकणाऱ्यास ठाऊक व घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर घेणारा प्रत्येक मालावर संशय धरून सरसकट कमी भाव देतो, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून निघून जातो. गोल्फला हेच लागू आहे. दोन-चार मैदानांनी न सांगता पैसे घेतले, की पाहुणा दुरुस्तीच्या मोसमात सर्वच मैदानांकडे संशयाने पाहू लागतो. ज्याच्या ग्रीनवर एकही छिद्र नाही तोही मग “आमचे मैदान उत्तम आहे” हे कोणास पटवू शकत नाही. एकाच्या मौनाचा दंड दुसरा भरतो. धंद्यातील मंडळींनी एकत्र येऊन नियम करण्याचे कारण हेच आहे.

सांगावे कसे?

ह्या अभ्यासातून जी व्यवस्था आम्हांस योग्य वाटते ती अशी :

१. दुरुस्तीच्या तारखा वर्षारंभी ठरवून छापाव्यात. हवामानामुळे त्या बदलल्या तर बदलही त्याच ठिकाणी लिहावा.

२. जागा राखून ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी एक वही असावी. दूरध्वनीवर दिवस व वेळ सांगितल्यावर, पण पैशाची गोष्ट निघण्यापूर्वी, त्या दिवसाची नोंद वाचून दाखवावी. मध्यस्थासही तीच नोंद पाठवावी व ती गिऱ्हाइकास सांगणे ही त्याच्या दलालीची अट असावी.

३. सांगताना मोघम बोलू नये. “थोडे काम चालू आहे” हे सांगणे नव्हे. किती ग्रीनांवर छिद्रण झाले, कोणत्या तारखेस झाले, वाळू पडली आहे काय, तात्पुरती ग्रीन आहेत काय, गाड्या वाटेवरच न्याव्या लागतील काय, ह्या पाच गोष्टींत सर्व येते.

४. जागा आधीच राखलेली असेल व दुरुस्ती मागून ठरली, तर चालकाने आपण होऊन कळवावे आणि दिवस बदलण्याची किंवा पैसे परत घेण्याची मुभा द्यावी.

५. आकस्मिक गोष्टी वेगळ्या धराव्यात. पहाटे हिम पडले, पाऊस झाला, ह्यास चालक जबाबदार नाही. पण त्याचा नियम काय आहे तो मात्र आधी सांगावा.

ह्यात चालकाचा खर्च किती? एक वही, एक छापील पत्रक आणि प्रत्येक दूरध्वनीमागे अर्धे मिनिट.

चर्चेसाठी

आपापल्या गावच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर विचार व्हावा असे आम्ही सुचवितो. आपल्या धंद्यात असा कोणता माल वा कोणती सेवा आहे, की जिची परीक्षा गिऱ्हाइकास पैसे दिल्यावरच करता येते? तिच्याविषयी जे गोदामात ठाऊक असते ते गादीवर ठाऊक असते काय? बाजारभावाची खबर राखून ठेवणे आणि मालाचे व्यंग राखून ठेवणे ह्यांतील सीमा आपण कोठे आखतो? आणि आपण जी सूचना बिलाच्या पाठीवर छापतो, ती गिऱ्हाइकास “मग नको” म्हणता यावे म्हणून छापतो, की आपणांस उत्तर तयार असावे म्हणून?

गोल्फच्या ग्रीनला छिद्रे पाडावीच लागतात. त्यावाचून ते जगत नाही. प्रत्येक धंद्यात असे काही दिवस येतात, की जेव्हा माल नेहमीसारखा नसतो, कामगार नवे असतात, यंत्र दुरुस्तीस गेलेले असते. त्या दिवसांची लाज बाळगण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाने थैलीस हात घालण्यापूर्वी आपण तोंड उघडले पाहिजे, एवढेच ह्या मैदानावरून शिकावयाचे आहे.